मराठी फलक, लेबल आणि पत्रक: वहीतल्या मजकुरापासून छपाईपर्यंत अक्षर न मोडता कसं न्यावं

‘गुऱ्हाळ’ हा शब्द पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला किती रूपांत छापलेला दिसतो, ते जाता-येता बघत जा. कुठे ‘ह’च्या डोक्यावर रफार चढून ‘गुर्हाळ’ झालेलं, कुठे ‘र’चा पाय मोडून ‘गुर्‌हाळ’ झालेलं, तर कुठे वैतागून ‘गुराळ’च लिहिलेलं. मालकानं वहीत बहुतेक वेळा बरोबर लिहिलेलं असतं. ते फोनवर टाइप होताना, डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटात उतरताना आणि फ्लेक्सवाल्याच्या मशिनवर उघडताना मोडतं.

म्हणजे गडबड क्रमात आहे. आधी डिझाइन, मग मजकूर, शेवटी घाईघाईत शुद्धलेखन, असा उलटा कारभार चालतो. खाली सरळ क्रम देतो. उदाहरण एकच धरू: एका गूळ उत्पादकाला दुकानाचा फलक, गुळाच्या बॉक्सवरचं लेबल आणि वाटायला एक पत्रक हवं आहे. लग्नपत्रिका असो, मंडळाचा फ्लेक्स असो की शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचं पोस्टर, पायऱ्या याच.

## १. मजकूर आधी कागदावर पक्का करा

संगणक उघडायच्या आधी तीन कोरे कागद घ्या: फलकाचा, लेबलचा, पत्रकाचा. एकच मजकूर तिन्हीकडे कोंबायचा नाही.

फलकावर नाव, काय मिळतं ते आणि फोन नंबर. बस्स. दुचाकीवरून जाणारा माणूस याहून जास्त वाचत नाही. पत्ता फलकावर कशाला लिहितात, हे मला अजून उमगलेलं नाही. वाचणारा तिथेच उभा असतो. पत्रकावर मात्र पत्ता, वेळ, दर, घरपोच मिळेल की नाही, सगळं हवं. लेबलवर कायद्यानं लागणारा मजकूर आधी लिहून काढा: निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्न परवाना क्रमांक. हा क्रमांक १४ अंकी असतो; अंक मोजा. ‘जीआय’चा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का लावायचा असेल तर उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. शेजाऱ्यानं लावलाय म्हणून आपण लावायचा नसतो.

मग शुद्धलेखन. ‘गूळ’ दीर्घ, पण ‘गुळाचा’ ऱ्हस्व. ‘कोल्हापूर’ दीर्घ, पण ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापुरात’ ऱ्हस्व. फ्लेक्सवर हमखास चुकणारे शब्द एका चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवून ठेवा: अभीष्टचिंतन, उद्घाटन, उज्ज्वल, महत्त्व, शुभेच्छुक. शुभेच्छुकांची नावं तर ज्यानं त्यानं स्वतः लिहून द्यावीत. फोटो लहान आला तर माणूस रुसतो, नाव चुकलं तर पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही.

तपासा: तिन्ही कागदांवर मालकाची सही झाली का? सही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. युनिकोडमध्ये टाइप करा, एकदाच

श्री-लिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या पद्धतींतल्या बऱ्याच फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट समोरच्या संगणकावर नसला की मजकुराचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. मूळ मजकूर म्हणून युनिकोडचीच प्रत ठेवा. प्रेसवाल्याला जुना फाँट हवा असेल तर त्याला रूपांतर करून द्या, पण ती प्रत नवी समजून पुन्हा अक्षर न् अक्षर वाचा.

टाइप करताना या जागा सांभाळा:

- ऱ्ह आणि ऱ्य. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ (ऱ), मग ‘डी’ची कळ (हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण), मग ह किंवा य. साधा ‘र’ घेतलात तर रफारच येणार आणि ‘आचाऱ्याला’ बोलवायचं सोडून ‘आचार्याला’ बोलावणं जाणार. फोनच्या कीबोर्डवर ‘र’ दाबून धरला की बहुधा ‘ऱ’ सापडतो.
- ॲ. ‘ॲड.’, ‘ॲक्रिलिक’ यांसाठी ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे. ‘अ’वर चंद्र वेगळा लावला तर काही फाँटांत तो सरकतो किंवा ठिपक्यांचा गोल दिसतो.
- विसर्ग. ‘स्वतः’मध्ये विसर्ग हवा, इंग्रजी कोलन नव्हे. डोळ्याला फरक कळत नाही, पण फाँट बदलला की कोलन फटकून लांब उभा राहतो.
- आकडे. देवनागरी की इंग्रजी ते एकदाच ठरवा. दर ‘८०’ आणि फोन ‘98…’ अशी सरमिसळ एकाच ओळीत नको. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवायचाच असेल तर त्याला स्वतंत्र ओळ द्या.

इशारा: जुन्या पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करू नका. वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरं गळतात, आणि घाईत ते लक्षातही येत नाही. पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

## ३. नमुने गोळा करा, पण अक्षराप्रमाणे

प्रेरणेसाठी मोबाइलवर तासभर चित्रं सरकवण्यापेक्षा कोल्हापुरात महाद्वार रोड ते पापाची तिकटी चालत जा आणि पेंटरनं हातानं रंगवलेल्या, अजून शिल्लक असलेल्या पाट्या बघा. जुन्या तालमींची नावं, गुजरीतल्या सराफी पेढ्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण. प्रत्येकाचे दोन फोटो घ्या: एक लांबून, म्हणजे वाचायला किती सोपं ते कळेल, एक जवळून, म्हणजे ब्रश कुठे उचलला आणि शिरोरेषा किती जाड ठेवली ते दिसेल.

फोटो साठवताना ‘सुंदर’, ‘छान’ असली फोल्डरं करू नका, ती पुन्हा कोणी उघडत नाही. अक्षरांची फोल्डरं करा: ‘ळ’, ‘श्री’, ‘ऱ्ह’, ‘क्ष’. ‘गुऱ्हाळ’चा फलक करायला बसाल तेव्हा ‘ऱ्ह’च्या फोल्डरमध्ये पाच पेंटरांनी काढलेली पाच उत्तरं समोर असतील. चांगला पेंटर लांब शब्द आडवा दाबत नाही, अक्षरांमधली जागा आणि कान्याची जाडी जुळवून घेतो. अनुस्वार लांबून दिसेल एवढा मोठा काढतो. छापील नमुन्यांत अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं शोधून बघा आणि शिरोरेषा कुठे ठेवली, कुठे तोडली एवढंच त्यांत तपासा.

इशारा: नमुना शिकण्यासाठी असतो. दुसऱ्याचं शीर्षक ट्रेस करून आपल्या ग्राहकाला विकणं ही चोरीच.

## ४. फाँट निवडा आणि चाचणी घ्या

गूगल फाँट्सवर देवनागरीचे भरपूर मोफत फाँट आहेत आणि खाली दिलेले सगळे मुक्त परवान्याचे आहेत, म्हणजे व्यवसायासाठी वापरता येतात. टेलिग्रामच्या ग्रुपवर ‘५०० मराठी कॅलिग्राफी फाँट’ म्हणून जी झिप फाइल फिरते तिच्या वाट्याला जाऊ नका. तिच्यात कोणाचा परवाना काय, याचा पत्ता नसतो आणि निम्मे फाँट जुन्या पद्धतीचे असतात.

माझी निवड अशी:

लेबल आणि पत्रकाच्या बारीक मजकुराला मुक्ता. सात जाड्या मिळतात, बारीक आकारातही अक्षरांची पोटं (आतली पोकळी) भरत नाहीत. पुस्तिका किंवा लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी. यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, मात्र ठळक जाडी नाही, म्हणून मथळ्याला दुसरा फाँट घ्यावा लागतो. जागा कमी आणि शब्द लांब असेल तर ‘अनेक देवनागरी’ हा फाँट, कारण त्यात जाडीसारखी रुंदीही बदलता येते आणि अक्षर ओढून-दाबून बिघडवावं लागत नाही. सामन्याच्या पोस्टरला अरुंद तेको किंवा खंड शोभतात. रंगवलेल्या पाटीचा बाज हवा असेल तर यात्रा वन. ‘मोदक’ फाँट दोन-तीन शब्दांपुरता, तोही मोठ्या आकारात. बालू २ फलकाला उत्तम आहे, पण तो इतका चाललाय की मिसळीचं दुकान आणि मोबाइल रिपेअरिंग लांबून एकच वाटतं.

निवडलेल्या फाँटात ही ओळ टाइप करून मोठ्या आकारात छापून बघा:

*श्री विठ्ठलाच्या मूर्तींची पूजा करून पन्हाळ्याच्या ॲडव्होकेटांनी गुऱ्हाळाचे उद्घाटन केले, दुःख विसरून सर्वांनी ट्रकभर गूळ वाटला. ०१२३४५६७८९*

‘र्तीं’मध्ये रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का? ‘द्घा’ आणि ‘ठ्ठ’ जोडून येतात की पाय मोडतो? ‘ॲ’च्या जागी चौकोन तर नाही? ‘ऱ्हा’ची चंद्रकोर नीट चिकटलीय? ‘ल’ बघा: हिंदी वळणाला उजवीकडे उभा दांडा असतो, मराठी वळणाला नसतो, दोन वाट्या शेजारी-शेजारी असतात. मराठीसाठीची वळणं राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात दिलेली आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ केली की आपलं वळण येतं.

तपासा: एका कामात जास्तीत जास्त दोन फाँट. तिसरा घ्यावासा वाटला तर मांडणीत काहीतरी चुकतंय.

## ५. सॉफ्टवेअर मराठीसाठी तयार करा

ही पायरी गाळली जाते आणि दोष फाँटाला दिला जातो. ‘निमंत्रित’ टाइप केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडली किंवा जोडाक्षरांत हलंत दिसला, तर सेटिंग चुकलंय.

इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करा आणि मग पॅराग्राफच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. फोटोशॉपमध्ये आवृत्तीनुसार यातलं एक नाव सापडेल. कोरलड्रॉच्या फार जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट जुळत नाही, म्हणून तर निम्मी बाजारपेठ अजून जुन्या फाँटांवर आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर इंकस्केप मोफत आहे आणि मराठी जोडाक्षरं मुकाट्यानं बरोबर दाखवतो.

## ६. मांडणी

ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरचं आपोआप येणारं अंतर अक्षराच्या १२० टक्के असतं आणि ते इंग्रजीसाठी ठरवलेलं असतं. मराठीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. १४० ते १५० टक्के ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो.

अक्षरांतलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत अक्षरं सुटी-सुटी ठेवली की रुबाबदार दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

खोटं ठळक, खोटं तिरकं नको. फाँटात ठळक जाडी नसताना ‘बी’चं बटण दाबलं की संगणक अक्षराला नुसती सूज आणतो. ‘ष’ आणि ‘ध’ची पोटं बुजतात.

मराठी आणि इंग्रजी नाव शेजारी असेल तर उंची मोजा. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकान लहान असो वा मोठं, फलक मराठी देवनागरीत हवाच आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दोन्हींना एकच पॉइंट साइज दिली की काम झालं असं समजू नका. बऱ्याच फाँटांत त्याच साइजला देवनागरी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं येतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत पट्टी लावा आणि मराठी तेवढं वाढवा.

फलकासाठी ढोबळ हिशेब: दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच. रस्त्याच्या पलीकडून, ४० फुटांवरून वाचायचं असेल तर मात्रा-उकार सोडून नुसतं अक्षर ४ इंच हवं.

## ७. माध्यमाप्रमाणे फाइल करा

एकच फाइल सगळीकडे पाठवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

फ्लेक्स. प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा कापडाची जाडी विचारून घ्या. चौकात लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी आधी.

रेडियम कटिंग. इथे मराठी सगळ्यात जास्त फसतं. फाँटात ‘गु’चा उकार, कान्याची दांडी, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा हे वेगवेगळे आकार एकमेकांवर थोडे चढलेले असतात. स्क्रीनवर ते एकसंध दिसतात. प्लॉटरची सुरी मात्र प्रत्येक आकाराची कड कापत जाते, आणि ‘गुऱ्हाळ’ची शिरोरेषा चार जागी चिरली जाते, कागद सोलताना तुकडे हातात येतात. म्हणून अक्षरं कर्व्ह केल्यावर (म्हणजे मजकुराचे नुसते आकार केल्यावर) सगळे आकार निवडून ‘वेल्ड’ करा (इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’). मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात बघा: अक्षराच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. अक्षराला बाहेरून जाड कड द्यायची असली तरी आधी हेच करावं लागतं, नाहीतर सांध्यांवर रेघा उमटतात.

ॲक्रिलिक किंवा धातूची अक्षरं. अनुस्वार हा सुटा तुकडा असतो. तो चिकटवावा लागतो आणि दोन पावसाळ्यांत पडतो. मग ‘अंबिका’ची ‘अबिका’ होते. अनुस्वार शिरोरेषेला बारीक मानेनं जोडून घ्या किंवा अख्खा शब्द एका पाठपट्टीवर बसवा. चंद्रबिंदू आणि ‘ॲ’चा चंद्र यांनाही हेच लागू.

ऑफसेटचं पत्रक. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्यात जाणारी जादा कड), फोटो ३०० डीपीआय, रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे). बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा रंग छपाईत केसभर सरकला की अक्षराला लाल-निळी झालर येते. स्क्रीनवरचा झळझळीत भगवा छपाईत मवाळ होतोच, आधी छापील छटा बघून घ्या.

गुळाचा बॉक्स. खोक्याच्या पुठ्ठ्यावर शाई पसरते. मरून रंगाच्या पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं दिलीत तर ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ भरून जातात. अशा पांढऱ्या अक्षरांना एक जाडी वरची घ्या आणि वजन-किमतीचा मजकूर पांढऱ्या जागेवर काळ्यात ठेवा.

इशारा: कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही. कर्व्हची फाइल नेहमी वेगळ्या नावानं सेव्ह करा.

## ८. प्रूफ कागदावर वाचा

स्क्रीनवरचं वाचन हे वाचन नव्हे. लेबल खऱ्या मापात छापा, कापा आणि बॉक्सवर चिकटवून बघा. फलकाचा एक शब्द पूर्ण आकारात ए-फोर कागदांवर तुकड्यांनी छापून भिंतीला लावा आणि रस्ता ओलांडून बघा.

वाचणारा माणूस नवा हवा. ज्यानं लिहिलं आणि ज्यानं टाइप केलं, त्या दोघांनाही चूक दिसत नाही. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचत जा, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही. मग या चार गोष्टी कराच: छापलेल्या कागदावरचा फोन नंबर लावून बघा, क्यूआर कोड कागदावरून स्कॅन करा, तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडा, परवाना क्रमांक मूळ कागदाशी अंक-अंक जुळवा.

दुरुस्ती केलीत की तेवढाच शब्द न बघता अख्खी ओळ पुन्हा वाचा. एक वेलांटी सुधारताना शेजारचा काना उडाल्याची उदाहरणं प्रत्येक प्रेसमध्ये मिळतील.

तपासा: शेवटच्या प्रूफवर मालकाची सही आणि तारीख. फोनवरचं ‘चालतंय की’ हे प्रूफ धरू नका.

## ९. फाइल देताना

छपाईला पीडीएफ द्या, फाँट आतच बसवलेले असू द्या. मशिनवाला कर्व्हच मागत असेल तर कर्व्हची प्रत द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती आक्रसते आणि १० फुटी फ्लेक्सवर अक्षरांच्या कडा भुरभुरीत होतात. सोबत एक छोटी जेपीजी जोडा, ‘असं दिसायला हवं’ म्हणून. मशिनवाल्यानं फाइल उघडली की त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवा आणि तीन जागा ताडा: ऱ्ह, ॲ आणि रफारावरचे अनुस्वार.

फाइलचं नाव ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ असं ठेवू नका. ‘गूळ-लेबल-२’, ‘गूळ-लेबल-२-कर्व्ह’ असं ठेवा. काम संपल्यावर एकाच फोल्डरमध्ये युनिकोड मजकूर, बदलता येणारी फाइल, छापलेली पीडीएफ आणि वापरलेले फाँट ठेवून द्या, आणि त्याची एक प्रत मालकाला पेनड्राइव्हवर द्या. पुढच्या गळीत हंगामात दर आणि तारीख बदलायला तो येईलच.